मधला मजला : मिश्र वापराच्या एका उंच इमारतीच्या आराखड्याच्या नोंदी

८ जानेवारी २०२४

आज कामाला औपचारिक सुरुवात झाली. भूखंड दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर असून तो साधारण साठ मीटर लांब आणि पंचेचाळीस मीटर रुंद आहे. खालचे ३ मजले दुकानांचे, त्यांवर १२ मजले कार्यालयांचे, त्यांवर २० मजले सदनिकांचे आणि वाहनतळ जमिनीखाली, अशी मालकांची मागणी आहे. त्यासोबत त्यांनी एक अपेक्षा दोनदा बोलून दाखवली, ती म्हणजे इमारत लोकांच्या लक्षात राहिली पाहिजे.

संध्याकाळी उंचीचा हिशेब मांडला. दुकानांना ५ मीटर, कार्यालयांना ४ मीटर आणि सदनिकांना ३.१५ मीटर मजला-उंची धरली, तर दुकाने व कार्यालये मिळून ६३ मीटर होतात आणि सदनिकाही नेमक्या ६३ मीटर होतात. हा योगायोग आहे, पण उपयोगी पडेल असे वाटते. दिवसा गजबजणारी इमारत आणि रात्री वस्तीला येणारी इमारत अशा सारख्या उंचीच्या दोन इमारती एकमेकींवर ठेवायच्या आहेत, असा या कामाचा अर्थ मी लावतो. त्या जिथे भेटतात तो सांधा कसा करायचा, हे अजून कोणीच विचारलेले नाही.

१९ जानेवारी

पहिल्या दहा दिवसांत मी ज्या आकारावर काम केले तो आज बाजूला ठेवला. दर्शनी भाग आतल्या बाजूला वळलेला, वाडग्याच्या कडेसारखा आणि संपूर्ण काचेचा होता. कोपऱ्यावरून तो फार देखणा दिसत होता आणि मला तो मनापासून आवडला होता. मात्र अंतर्वक्र काच सूर्यप्रकाश एका जागी एकवटते. लंडनच्या २० फेनचर्च स्ट्रीट या इमारतीच्या अशाच दर्शनी भागाने २०१३ साली समोरच्या रस्त्यावर ऊन इतके एकवटले, की तिथे उभ्या असलेल्या मोटारीचे भाग वितळले आणि पुढे त्या दर्शनी भागावर आडव्या पट्ट्यांचे आच्छादन बसवावे लागले. आमचा वळसा पश्चिमेकडे होता, म्हणजे कार्यालये सुटण्याच्या वेळी पदपथावर सर्वांत जास्त माणसे असताना तिथे ऊन एकवटले असते. वक्रता कमी करून हा दोष सौम्य करता आला असता. पण ज्या आकाराला पहिल्या दिवसापासून पांघरूण घालावे लागते, त्याच्यावर वर्षभर मेहनत घेणे मला पटले नाही.

२ फेब्रुवारी

आजचा पूर्ण दिवस मजल्याच्या खोलीवर गेला. खोली म्हणजे कोअरच्या, म्हणजे लिफ्ट आणि जिने सामावणाऱ्या मधल्या काँक्रीटच्या गाभ्याच्या, भिंतीपासून खिडकीपर्यंतचे अंतर. कार्यालयाला हे अंतर १२ मीटर असले तरी चालते, कारण आतल्या भागात बैठकीच्या खोल्या, छपाईची यंत्रे आणि कपाटे जातात. सदनिकेत मात्र ८ मीटरच्या पुढे गेले की मधली खोली अंधारी राहते आणि दिवसाही दिवा लावावा लागतो.

हा पेच शिकागोच्या जॉन हॅनकॉक सेंटरने १९६९ मध्ये ज्या रीतीने सोडवला, तिचे मला आजही कौतुक वाटते. वास्तुरचनाकार ब्रूस ग्रॅहम आणि संरचना अभियंते फझलुर खान यांनी ही शंभर मजली इमारत वर निमुळती केली. त्यामुळे खालचे रुंद मजले कार्यालयांना आणि वरचे अरुंद मजले घरांना आपोआप सोयीचे झाले, वाऱ्याचा भारही कमी झाला आणि बाहेरच्या भल्यामोठ्या तिरकस फुल्यांनी तो भार जमिनीपर्यंत नेला. तिथे आकार, वापर आणि संरचना यांचे उत्तर एकच आहे.

आमची इमारत तितकी उंच नसल्यामुळे निमुळतेपणा डोळ्यांना जाणवणार नाही, म्हणून आम्ही खोलीतला फरक एकाच जागी घ्यायचे ठरवले. कार्यालयांचा मजला ३८ मीटर चौरस, मध्ये १४ मीटरचा कोअर आणि चारही बाजूंनी १२ मीटर खोली. वर कार्यालयांच्या लिफ्ट संपल्यामुळे कोअर ११ मीटरचा होतो, त्याभोवती सव्वा-दीड मीटरची मार्गिका आणि ८ मीटरच्या सदनिका धरल्या की मजला साधारण ३० मीटर चौरस होतो. ३८ वर ३० ठेवले की भोवती ४ मीटरची कड उरते. ही कड आज केवळ कड आहे. मोठ्या खोक्यावर लहान खोके ठेवावे तशी इमारत दिसते आणि ती लक्षात राहण्याचे काहीही कारण नाही.

१४ फेब्रुवारी

पुठ्ठ्याच्या मॉडेलमध्ये वरचा भाग सुटा केला आणि मध्यभागी टाचणी घालून फिरता ठेवला. कारण दिखाऊपणाचे नव्हते. रस्त्यापलीकडे एक जुनी उंच इमारत आहे आणि तिच्या खिडक्या आमच्या सदनिकांच्या खिडक्यांसमोर २२ मीटरवर येत होत्या. शेजारच्या इमारतीच्या ठोकळ्याला टाचण्या टोचून आम्ही प्रत्येक खिडकीतून सरळ समोर एक शिवणाचा धागा ताणला आणि वरचा भाग पाच-पाच अंशांनी फिरवत गेलो. १० अंशांपर्यंत जवळजवळ सर्व धागे समोरच्या भिंतीवरच आदळत होते, २० अंशांवर निम्मे सुटले आणि ३० अंशांवर बहुतेक धागे त्या इमारतीच्या कडेवरून निसटून रस्त्याच्या लांबीकडे गेले. ४५ अंशांवर फारसा फायदा वाढत नव्हता आणि कोपरे फार बाहेर येत होते.

३० अंश फिरवल्यावर वरच्या चौरसाचे चार कोपरे खालच्या चौरसाच्या कडेपलीकडे सुमारे दीड मीटर डोकावतात आणि उरलेल्या जागी चार त्रिकोणी गच्च्या तयार होतात. खालच्या दुकानांना आणि कार्यालयांना रस्त्याची रेषा हवी असते, ती त्यांना मिळाली. घरांना मोकळी नजर हवी असते, ती त्यांना मिळाली. दोन्ही रस्त्यांवरून येणाऱ्या माणसाला वरच्या भागाची एक तीक्ष्ण धार दिसते. मॉडेल टेबलावर ठेवून आम्ही सर्वजण गुडघे टेकून रस्त्याच्या पातळीवरून ते बराच वेळ पाहत राहिलो.

माल्मोच्या टर्निंग टॉर्सोची आठवण निघणे स्वाभाविक होते. सान्तियागो कालात्राव्हा यांची २००५ मध्ये पूर्ण झालेली ती १९० मीटरची इमारत नऊ खंडांत हळूहळू फिरत ९० अंशांचे वळण घेते. तिच्यात वळण हाच विषय आहे. आमच्याकडे वळण एकदाच, एका मजल्यात घडते आणि त्याच्या खाली व वर सगळे मजले सरळ व सारखे राहतात, म्हणून बांधकामाच्या दृष्टीने हा मार्ग सोपा ठरेल असे मी वहीत लिहिले होते. पुढची नोंद त्या वाक्याबद्दल आहे.

२६ फेब्रुवारी

संरचना अभियंत्यांची बैठक साडेचार तास चालली. वाहनतळाच्या सोयीने खालचे स्तंभ सव्वाआठ मीटर अंतरावर आहेत, कारण तेवढ्यात तीन मोटारी नीट मावतात. वरचे स्तंभ घरांच्या भिंतींच्या सोयीने आहेत आणि आता ते ३० अंशांनी फिरलेले आहेत. कोअर सोडला तर एकही वरचा स्तंभ खालच्या स्तंभावर बसत नाही. म्हणून कार्यालये आणि घरे यांच्यामध्ये एक मधला मजला ७ मीटर उंच ठेवून त्यातून तिरपे स्तंभ न्यायचे, असा माझा प्रस्ताव होता. मी काढलेल्या चित्रात सगळे तिरपे स्तंभ एकाच दिशेने कललेले होते, जणू वरचा भाग नुकताच फिरून थांबला आहे.

अभियंत्यांनी काही न बोलता पुठ्ठ्याचे दोन तुकडे घेतले, त्यांच्यामध्ये आठ पेन्सिली माझ्या चित्राप्रमाणे एकाच दिशेने तिरप्या उभ्या केल्या, टोके चिकणमातीत रोवली आणि वरच्या पुठ्ठ्यावर तळहाताने सरळ खाली दाब दिला. पुठ्ठा खाली गेला नाही, तो फिरला. मग त्यांनी समजावले. सात मीटर उंचीत स्तंभ साडेतीन मीटर सरकला तर उभ्या भाराच्या निम्म्याइतका आडवा रेटा निर्माण होतो. सगळे स्तंभ एकाच दिशेने कलले तर हे सगळे रेटे मिळून वरच्या भागाला पिळू पाहतात, वारा नसताना, भूकंप नसताना, केवळ स्वतःच्या वजनाने. हा पीळ इमारत उभी असेपर्यंत कोअरला सोसावा लागतो. काँक्रीट कायमच्या भाराखाली वर्षानुवर्षे थोडे थोडे विरूप होत राहते, म्हणजे पीळही वाढत जातो आणि त्याच कोअरमध्ये लिफ्टचे मार्गदर्शक रूळ अगदी ओळंब्यात असावे लागतात.

यावर त्यांचा उपाय सोपा आणि सुंदर आहे. खालच्या प्रत्येक स्तंभाच्या डोक्यावरून दोन हात निघतील, एक डावीकडे आणि एक उजवीकडे, आणि ते वरच्या दोन स्तंभांना जाऊन मिळतील. डाव्या हाताचा रेटा उजव्या हाताच्या रेट्याला तोलतो आणि जो उरतो तो वरच्या स्लॅबमध्ये घातलेल्या ताणलेल्या पोलादी तारा घेतात. बैठकीतच पेन्सिली जोड्यांनी उलट-सुलट लावून पाहिल्या. या वेळी दाब दिल्यावर पुठ्ठा जागचा हलला नाही.

त्या पेन्सिली मी पुठ्ठ्यासकट माझ्या टेबलावर ठेवून घेतल्या आहेत. माझ्या चित्रातले कललेले स्तंभ गतीचा आभास देत होते आणि हे दुहेरी हात खरोखर भार वाहतात. पाहणाऱ्याला इमारत कशी उभी आहे हे एका नजरेत कळेल, म्हणून या मजल्याला बाहेरून काच लावून तो झाकायचा नाही असे आज ठरवले. मधला मजला उघडा राहील.

११ मार्च

मालकांनी विचारले की एवढा मजला रिकामा ठेवण्यापेक्षा तिथे दुकाने का नसावीत. प्रश्न रास्त आहे. ल कोर्बुझिए यांनी मार्सेच्या १९५२ मधील वसाहत-इमारतीत ३३७ घरांच्या मधोमध एक अंतर्गत बाजाररस्ता ठेवला होता आणि गच्चीवर मुलांची शाळा. गच्ची जिवंत राहिली, बाजाररस्त्याला मात्र पुरेसे गिऱ्हाईक मिळाले नाही, कारण दुकान रस्त्यावरच्या येणाऱ्या-जाणाऱ्यांवर जगते आणि फक्त एका इमारतीतल्या रहिवाशांवर त्याचे भागत नाही. याउलट रॉटरडॅमच्या २०१४ मधील मार्केट हॉलमध्ये बाजार जमिनीवरच आहे आणि २२८ घरांची कमान त्याच्यावर छत धरते. बाजाराकडे स्वयंपाकघरे व जेवणाच्या जागा वळवल्या आहेत आणि ज्या खोल्यांना उजेड हवाच, त्या बाहेरच्या बाजूला आहेत. तिथे बाजार आणि घर एकमेकांना पाहतात, तरी कोणी कोणाच्या अंगावर येत नाही.

आम्ही मांडलेला तोडगा असा : मधल्या मजल्यावर एक उपाहारगृह आणि उरलेली सर्व जागा रहिवासी, कार्यालयीन कर्मचारी आणि बाहेरचे लोक अशा सर्वांसाठी खुली बाग. त्यासाठी रस्त्यावरून थेट वर येणारी, मध्ये कुठेही न थांबणारी एक स्वतंत्र लिफ्ट द्यावी लागेल, नाहीतर बाग नावापुरतीच सर्वांची राहील. मालकांनी मान्यता दिली. या निर्णयासाठी मी त्यांचा ऋणी आहे.

लिफ्टची विभागणीही याच बैठकीत पक्की झाली. कार्यालयांच्या लिफ्ट मधल्या मजल्याखाली संपतील, घरांच्या लिफ्ट कार्यालयांचे मजले न थांबता ओलांडतील. न थांबण्याच्या या टप्प्यात लिफ्ट अडकली तर माणसे बाहेर कुठून काढायची, हा विषय आराखड्यात हमखास विसरला जातो. युरोपीय मानकाप्रमाणे लगतच्या दोन दारांमधले अंतर ११ मीटरपेक्षा जास्त असेल तर मध्ये आपत्कालीन दार द्यावे लागते किंवा शेजारच्या लिफ्टमधून सुटका करण्याची सोय ठेवावी लागते. आम्ही दुसरा पर्याय घेतला, कारण कार्यालयाच्या मजल्यावर घरांच्या लिफ्टच्या उभ्या पोकळीचे (शाफ्टचे) दार उघडणे सुरक्षेच्या दृष्टीने कोणालाच नको होते.

२८ मार्च

सांडपाणी. दर मजल्यावर आठ सदनिका, म्हणजे स्वयंपाकघरे आणि न्हाणीघरे मिळून सोळाहून अधिक उभे नळ वीस मजले खाली येतात आणि कार्यालयांच्या मजल्यावर त्यांना जागाच नाही. ते सर्व मधल्या मजल्याच्या छताखाली आडवे वळवून कोअरमध्ये आणायचे आहेत. उंचावरून आलेले पाणी जिथे वळते तिथे साबणाचा फेस साठतो आणि दाब वाढतो, म्हणून वळणाच्या लगेच वरच्या घरांची जोडणी त्या नळांना न देता वेगळ्या नळाने पुढे न्यावी लागते. तसे केले नाही तर खालच्याच घरांच्या मोरीतून फेस उलटा वर येतो. नळ स्तंभांच्या हातांमधून न्यायचे तर कुठे कोणती उंची मिळते, याचा तक्ता करण्यात दोन दिवस गेले. चार ठिकाणी टक्कर झाली आणि चारही ठिकाणी नळ हलवला, स्तंभ हलवला नाही.

१५ एप्रिल

वातबोगद्यातली चाचणी पूर्ण झाली. आजूबाजूच्या इमारतींसह १:४०० प्रमाणाचे मॉडेल फिरत्या तबकडीवर ठेवून दर १० अंशांना, म्हणजे ३६ दिशांनी मोजणी केली. तिरप्या दिशा सोडायच्या नाहीत असा मी पहिल्यापासून आग्रह धरला होता. न्यूयॉर्कचे सिटीकॉर्प सेंटर १९७७ मध्ये पूर्ण झाले तेव्हा भूखंडाच्या कोपऱ्यावर चर्चसाठी जागा सोडण्यासाठी त्याचे चार मोठे स्तंभ कोपऱ्यांऐवजी बाजूंच्या मध्यावर उभे केले होते. कोपऱ्यावरून तिरप्या येणाऱ्या वाऱ्याचा परिणाम पुढच्या वर्षी अभियंते विल्यम लमेझ्युरिए यांच्या लक्षात आला आणि बोल्ट लावलेल्या जोडांवर रात्री पोलादी पट्ट्या वेल्ड करून ती इमारत सुरक्षित केली गेली. आमच्या इमारतीत दोन चौरस वेगवेगळ्या दिशांना आहेत, म्हणून एकासाठी सरळ असलेला वारा दुसऱ्यासाठी नेहमीच तिरपा असतो.

संपूर्ण इमारतीवरचा वाऱ्याचा भार अपेक्षेपेक्षा कमी निघाला. वाऱ्याचे भोवरे इमारतीच्या पूर्ण उंचीवर एका तालात सुटले तर ती डोलते, पण मधल्या मजल्याने आणि वळणाने तो ताल तुटतो. या निकालाने मला फार बरे वाटले.

बागेचा निकाल मात्र वाईट आहे. ६३ मीटर उंचीवरच्या उघड्या मजल्यातून वारा अक्षरशः पिळून निघतो. बसण्याच्या जागेसाठी वाऱ्याचा वेग सुमारे ४ मीटर प्रति सेकंदाच्या वर वेळेच्या ५ टक्क्यांहून अधिक जाऊ नये, हा लॉसन निकष आम्ही धरला होता आणि दोन कोपरे त्यात सपशेल नापास झाले. भरीव भिंत घातली की वारा तिच्यावरून उडी मारून पलीकडे भोवरे करतो. म्हणून निम्म्या भागाला छिद्रे असलेले पोलादी पडदे आणि त्यांच्या आत दाट झुडपांच्या दोन रांगा असा बदल केला. दोन्ही कोपऱ्यांत आता बसायची जागा नसेल, तिथे फक्त चालण्याची वाट असेल. उपाहारगृह कोअरच्या आडोशाला सरकवले.

३० एप्रिल

व्यायामशाळेची जागा बदलली. ती मधल्या मजल्यावर, पहिल्या सदनिकांच्या अगदी खाली दाखवली होती. ध्वनी सल्लागारांनी आम्हाला एका बांधलेल्या इमारतीत नेले, वरच्या मजल्यावरच्या निजायच्या खोलीत उभे केले आणि खालच्या व्यायामशाळेत वजन खाली टाकायला सांगितले. आवाज कानांनी कमी आणि पायांनी जास्त ऐकू आला. हवेतून जाणारा आवाज जाड स्लॅबने अडतो, पण संरचनेला बसलेला धक्का स्तंभांतून वर चढतो. व्यायामशाळा आता दुकानांच्या मागच्या बाजूला, तळमजल्यावर गेली.

१३ मे

दर्शनी भागाच्या सामानाची निवड झाली. १४ जून २०१७ रोजी लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला लागलेल्या आगीत ७२ माणसे गेली. ॲल्युमिनियमच्या दोन पत्र्यांमध्ये पॉलिथिलीन असलेल्या फलकांवरून आग बाहेरच्या बाजूने वर चढली होती. या नोंदीत त्याचा उल्लेख करताना हात जड होतो, पण निवड कोणत्या कारणाने केली हे लिहून ठेवणे आवश्यक आहे. आमचे फलक भरीव ॲल्युमिनियमचे, त्यामागचे आच्छादन खनिज लोकरीचे, आणि प्रत्येक मजल्याच्या पातळीवर फलक व भिंत यांच्यातली पोकळी बंद करणारी आगरोधक पट्टी. खर्च कमी करण्याच्या यादीत ही तीन कामे टाकू नयेत, अशी लेखी विनंती मालकांना दिली आहे.

घरांचा जिना कार्यालयांच्या मजल्यांवर कुठेही उघडत नाही आणि त्यात बाहेरची हवा दाबाने भरली जाईल, म्हणजे दार उघडले तरी धूर आत शिरणार नाही. उघडा मधला मजला रहिवाशांना वाटेत थांबण्याची सुरक्षित जागा म्हणूनही धरला आहे.

१० जून

पूर्ण मापाचा नमुना उभा राहिला. कारखान्याच्या आवारात, वरच्या चौरसाचा बाहेर डोकावणारा एक कोपरा, त्याच्या खालच्या पृष्ठभागासह. आराखड्यात हा पृष्ठभाग कोणी फारसा पाहत नाही, पण पदपथावरच्या माणसाला वर पाहिल्यावर सर्वांत आधी तोच दिसणार आहे. धातूच्या फलकांऐवजी तो उघड्या काँक्रीटचा ठेवला आणि साच्यासाठी अरुंद फळ्या वापरल्या. फळ्यांच्या रेषा कोपऱ्याच्या टोकाकडे धावत जातात आणि ऊन तिरपे पडले की त्यांचे दाणे दिसतात.

दुपारी पाण्याची चाचणी घेतली. पाइपने पाणी सोडले, तेव्हा ते कडेवरून खाली न पडता काँक्रीटला चिकटून आतल्या बाजूला हातभर सरकले आणि मग टपकले. काही पावसाळ्यांनंतर तिथे काळे ओघळ दिसले असते. कडेपासून ५ सेंटिमीटर आत २ सेंटिमीटर रुंदीची खाच कापून घेतली, चाचणी पुन्हा केली आणि पाणी खाचेच्या कडेवरून एका सरळ रेषेत खाली पडले. चारही कोपऱ्यांच्या नकाशांत ही खाच दाखवून सुधारित नकाशे उद्या सकाळी साचेकाम करणाऱ्यांकडे जातील.